पद्माक्काचा खडा

फोनवरच्या त्या खेळांच्या शेवटी नावांची जी यादी येते, तिच्यात एका कुत्र्याचं नाव आहे. मी नातीकडनं दोनदा वाचून घेतलं, तरी ते कुत्र्याचंच निघालं. पुण्यातल्या त्या कंपनीच्या ऑफिसात कुणीतरी पाळलंय म्हणे. त्याचं काम काय, तर सगळ्यांना खूश ठेवणं. कुत्र्यावर माझा राग नाही, मुकं जनावर आहे बिचारं. पण ज्या बाईनं त्या चाळीसच्या चाळीस खेळांतली चित्रं एकेक चौकोन भरून काढली, तिचं नाव त्या यादीत नाही. चहा आणून देणाऱ्याचं आहे, ते असावंच, मी नको म्हणत नाही. कुत्र्याचंही आहे. पद्माक्काचं नाही.

म्हणून मी हे लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं लिहिणं-वाचणं लेकरांच्या वह्या पुस्तकं चाळून चाळून आलं. सोलापुरात पूर्व भागात आमची गल्ली, मी मूळची दुधनीची, कानडी बोलणारी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकण्यात हात झिजले, पेन धरायची फारशी सवय नाही. तेव्हा कुठं घसरले तर सांभाळून घ्या. पण राग मात्र घसरू देणार नाही.

पद्माक्का माझ्या समोरच्या दारात राहायची. दोन खोल्या, पुढं हातभर ओटा. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी. उंचीला लहानखुरी, चष्म्याची एक काडी तुटलेली आणि तिथं मागाचा दोरा बांधलेला, आणि अंबाड्यात पेन्सिल. पेन्सिल नसली तर अंबाडा सुटायचा, इतकी ती कायमची. देवाशी तेलुगूत बोलायची, गल्लीशी मराठीत, आणि भांडायचं झालं की माझ्याकडनं शिकलेल्या कानडीत. मी म्हणायचे, अक्का, माझी भाषा तुमी नुसती शिव्यांला वापरता. ती म्हणायची, "चांगली धार हाय की तिला."

सगळं मोजायची तिला खोड. फरशीचे तुकडे मोजायची, खिडकीचे गज मोजायची. माझ्याकडनं भाकरी घेतली की तिच्यावर बोटानं आडव्या उभ्या रेघा ओढून सांगायची, महानंदा, आज तुझी भाकरी दोन घरं डावीकडं गेलीय. घर म्हणजे ग्राफच्या कागदावरचा चौकोन. कुणी छातीठोकपणे काही बोलायला लागलं, मग तो नगरसेवक असो नाहीतर डॉक्टर, ती शांतपणे विचारायची, "घरं मोजली का?" समोरच्याला काही कळायचं नाही, पण त्याची छाती मात्र खाली यायची.

हा ग्राफ काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सोलापूरची चादर तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर मोर असतो, फुलं असतात, चौफुल्या असतात. ते मोर छापलेले नसतात, दोऱ्यातच विणलेले असतात. ते विणायच्या आधी कुणीतरी चौकोनाच्या कागदावर मोर काढतो. एक घर म्हणजे एक तार. घर भरलं की तार वर, रिकामं ठेवलं की तार खाली. त्या कागदावरनं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, त्या पट्ट्या मागावर चढवतात आणि माग आंधळ्यासारखा तेच विणत जातो. म्हणजे मोर मागाचा नसतो आणि विणणाऱ्याचाही नसतो. मोर त्या कागदावाल्याचा असतो.

आमच्या गल्लीत हे कागदाचं काम पद्माक्काचे वडील करायचे. राजय्या मास्तर. एका मोठ्या कारखान्याचे डिझाइन मास्तर होते. पुढं त्यांच्या डोळ्यांत पडदा आला आणि घरं दिसेनाशी झाली. ते तोंडानं सांगायचे आणि अक्का भरायची. मग सांगायचंही कमी झालं, ती आपलंच काढायला लागली. बारा वर्षं त्या कारखान्याच्या चादरींवर अक्काचे मोर नाचले आणि शेठ पाठ थोपटायचा मास्तरांची. मास्तर भले माणूस. घरी येऊन लेकीसमोर मान खाली घालून बसायचे, पण शेठला खरं सांगायचं धाडस झालं नाही. नोकरी जाईल ही भीती.

मास्तर वारले, तेरावं झालं, आणि अक्का नव्या चादरीचा कागद गुंडाळून शेठकडं गेली. शेठ म्हणाला, मास्तर गेले, आता असं काम कोण करणार. अक्का म्हणाली, मी करते, बारा वर्षं मीच केलंय. शेठ हसला. कागद उघडूनसुद्धा बघितला नाही. "नंतर बघू," म्हणाला, आणि तिला टॉवेलच्या कडा शिवायच्या खात्यात लावलं. तिथं ती एकतीस वर्षं कडा शिवत बसली. ज्या टॉवेलच्या कडा शिवायच्या त्याच्यावरची फुलंही कधीकधी तिचीच असायची, जुनी, पुन्हा काढलेली.

मला हे तिनं कसं सांगितलं माहितेय? भाकरीचा पापुद्रा मोडत, हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्या तसं. संताप माझा झाला. मी म्हटलं, अक्का, तुमी तोंडावर का नाही फेकला तो कागद? ती म्हणाली, "चांगला कागद होता गं. मळला असता."

आता खड्याची गोष्ट. तांदूळ कितीही निवडले तरी भातात एखादा खडा लागतो, तसा अक्का प्रत्येक डिझाइनमध्ये एक घर जास्तीचं भरायची. नको तिथं एकच घर. माग चालला की तिथं एक तार उगीच वर यायची. डोळ्याला कळायची नाही, पण बोट फिरवलं की बोटाला लागायची. ही तिच्या वडिलांची पद्धत. मास्तर म्हणायचे, बाजारात हजार चादरी असतात, आपली आपल्याला ओळखू यायला पाहिजे. कागदावर नाव लिहायची सोय नव्हती, म्हणून हा खडा. मास्तरांचा खडा नेहमी कडेला असायचा. अक्कानं हातात काम घेतल्यावर तो मोराच्या पायाशी नेला. बाकी कुणाला माहीत नव्हतं. चूक म्हणून कुणी पकडलंही नाही, कारण चूक एकटी असली की माणसं तिला सोडून देतात.

एकदा माढ्याला आमच्या नात्यात लग्न होतं. मी अक्काला संगं नेलं. पाहुण्यांना ज्या खोलीत उतरवलं होतं तिथं खाटेवर जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली चादर. अक्का बसली, सवयीनं हात फिरवला आणि थांबली. मग उठून तिनं चादरीची घडी उलगडली, मोराच्या पायाशी बोट टेकवलं, माझं बोट धरून तिथं ठेवलं. लागलं मला. बारीक, तांदळाएवढं. त्या घरची म्हातारी दारात उभी. घाबरली बिचारी, तिला वाटलं ढेकूण सापडला. अक्का तिला म्हणाली, "बाई, चहा टाका की. मी घरचीच हाय." म्हातारीनं मुकाट्यानं चहा टाकला. ती चादर तिच्या लेकीच्या बाळंतपणाला घेतलेली होती, तेव्हापासून घरात तिघं नातवंडं तिच्यात वाढली, असं तिनं सांगितलं. अक्का चहा पिता पिता हे ऐकत होती. अशी खूश मी तिला क्वचित पाहिली.

तर अशी बाई. आता खेळांचं.

माझ्या लेकीची लेक, केतकी, पुण्याला त्या कंपनीत लागली. ही कंपनी फोनवरचे खेळ करते. केतकी सांगायला लागली, आज्जी, आम्ही जुन्या पद्धतीचे चाळीस खेळ करतोय, सगळे एकाच ठिकाणी मिळणार. माझ्या मुलाच्या लहानपणी टीव्हीला डबा जोडून, पिवळी कॅसेट खुपसून जे खेळ खेळायचे, तसले. त्यात गाड्यांची शर्यत, लढाई, चक्रव्यूह, भुताचं घर, मासे धरणं, शेती, क्रिकेट, कोडी, काय म्हणाल ते. आणि चित्रं मुद्दाम तशीच जाड चौकोनांची, जुनी दिसणारी. पण चित्रं काही जमत नाहीत, म्हणाली. काढणारी मुलं हुशार आहेत, पण त्यांना इतक्या कमी चौकोनांत काढायची सवय नाही.

मी समोरच्या दाराकडं बोट केलं. ही चूक माझी. इथनं पुढचं जे झालं त्याचं पहिलं घर मीच भरलं.

कंपनीचे साहेब स्वतः आले. तिशीतला पोरगा, दाढी राखलेली, पायात साधी चप्पल, बोलायला गोड. अक्कानं ट्रंकेतनं जुन्या नमुन्यांच्या अकरा वह्या काढल्या. साहेबांनी एकेक पान फोनमध्ये घेतलं. मग म्हणाले, आजी, आम्हाला माणूस, गाडी, भूत असं सगळं लागेल, पण एकेक चित्र आडवी सोळा आणि उभी सोळा घरं, एवढ्यातच बसवायचं. अक्कानं चष्मा वर केला. "सोळा? सोळा घरात मी हत्ती बसवते. वर माहूत बसवते." आणि तिथंच पेन्सिल ओढून हत्ती काढला. माहूतही काढला. साहेबांनी लगेच त्याचाही फोटो घेतला.

पैशाचं त्यांनी काय ठरवलं ते ठरवलं, त्यात खोट नव्हती, तो विषय तिथंच संपला. अक्कानं दुसरंच विचारलं.

"नाव येईल का माझं?"

"म्हणजे काय आजी, येणारच की," साहेब म्हणाले.

मी तिथं होते. केतकी होती. चहाचा कप साहेबांच्या हातात होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

पुढची दोन वर्षं अक्का जशी जगली, तशी आधीची सत्तर वर्षं जगली नसेल. सकाळी ऊन ओट्यावर आलं की पाट टाकून बसायची, मांडीवर कागद. केतकी फोनवर सांगायची आता अमुक खेळ आणि अक्का काढायची. आकाशातल्या लढाईचं विमान तिनं धोट्यासारखं काढलं, म्हणजे मागातनं दोरा घेऊन जो इकडनं तिकडं पळतो त्याच्यासारखं. म्हणाली, वेगानं जायचं तर धोट्याहून वेगानं काय जातं? गाड्यांच्या शर्यतीला तिनं टेंभुर्णीच्या चौकातले ट्रक काढले, मागं उसाच्या मोळ्या लोंबकळणारे. भुताच्या घरात सहा भुतं पाहिजे होती. एक भूत बघून मला हसू आवरेना, ते हुबेहूब कडा शिवायच्या खात्याचा मुकादम होता, पोटासकट. अक्का म्हणाली, "त्याला किती वेळा मारलं तरी तो परत उठतो, तसंच सांगितलंय केतकीनं."

लढाईच्या खेळात मात्र अडलं. शत्रू भेसूर काढा, म्हणाले. अक्कानं काढले साधे, दमलेले, एकाच्या खांद्यावर टॉवेल. परत सांगितलं, परत तसेच. शेवटी तिनं केतकीला म्हटलं, सोळा घरात राग बसतो, पण दुष्टपणा बसवायला दोन घरं जास्त लागतात, तेवढी द्या. दिली नाहीत. मग टॉवेलवालाच राहिला. तो आता लोकांना सगळ्यात आवडतो म्हणे.

आणि ती खेळायचीसुद्धा. पहिल्यांदा अंगठा चुकीच्या जागी पडायचा. सुईनं घट्टे पडलेला अंगठा, काचेला कळायचाच नाही. महिन्याभरात ती केतकीला हरवायला लागली. क्रिकेट आवडायचं नाही, मासे धरायला आवडायचं. एका खेळावर तिचा राग होता, त्यात चुकलं की खेळ आपोआप सावरून घ्यायचा. ती म्हणायची, चुकूच देत नाही हा, मग मी कशाला बसलीय इथं. पुण्याला कळवलं. त्यांनी बदललं. म्हणजे ऐकत होते बघा, तोपर्यंत ऐकत होते.

चाळिसावा खेळ अक्काचा स्वतःचा. तीच म्हणाली, मागाचा खेळ करा. दोरे वरनं येतात, मधेच तुटतात, आपण पळत जाऊन गाठ मारायची, नाहीतर मोर फाटतो. साहेब म्हणाले, आजी, नुसत्या गाठी मारायला लोक कंटाळतील. अक्का फोनवर म्हणाली, "मग आमी जलमभर काय करत हुतो?" आणि तो खेळ झाला.

प्रत्येक चित्रात खडा होता, हे सांगायला नको. एका टायरला एक घर जास्त, भुताच्या कानाशी एक, माशाच्या शेपटीला एक, मोराच्या पायाशी नेहमीचा. मला बोट ठेवून दाखवायची. काचेवर बोटाला काही लागत नाही, पण मी आपली फिरवायचे.

खेळ बाहेर काढायचा दिवस ठरला. पुण्यात मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम. अक्काला बोलावलं, मला संगं. तिनं ठेवणीतलं पिवळं पातळ काढलं, चष्म्याचा दोरा बदलला. गाडीत बसल्यावर दोनदा मला म्हणाली, नाव मराठीत येईल का इंग्रजीत. मी म्हटलं, दोन्हीत येईल.

हॉलमध्ये गेलो तर स्टेजच्या बाजूला एक हातमाग मांडलेला. कुठनंतरी भाड्यानं आणलेला, नुसता सांगाडा, वर अर्धवट दोरे. एक पोरगी आली आणि म्हणाली, आजी, तुम्ही इथं बसायचं, लोक फोटो काढतील. अक्का म्हणाली, मला माग चालवता येत नाही. पोरीला ते कळेना. अक्कानं पुन्हा सांगितलं, बाई, मी जन्मात मागावर बसले नाही, मी कागदावर काढते, कागद आण. पोरगी म्हणाली, "नुसतं बसा हो आजी, छान दिसतं."

आणि माझी अक्का बसली. पाहुणी म्हणून आलोय, तमाशा नको, या विचारानं बसली. दोन तास लोक येऊन तिच्याशेजारी वाकून फोटो काढत होते. एकानं विचारलं, दिवसाला किती विणता? ती म्हणाली, "काहीच न्हाय." तो हसला, त्याला विनोद वाटला. माझ्या हातात लाटणं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही.

शेवटी पडद्यावर नावं सुरू झाली. खालनं वर सरकायला लागली. अक्काला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून केतकी तिच्या मागं उभी राहून हळूच वाचून दाखवत होती. खेळ कुणी रचले, आवाज कुणाचे, हिशेब कुणाचा, चहा कुणाचा. मग कुत्रा आला तेव्हा सगळा हॉल टाळ्या वाजवून हसला. अक्काही हसली, तिला वाटलं आता आपण. त्यानंतर एकच ओळ आली, तीही केतकीनं वाचली. ओळ अशी होती, चित्रं सोलापूरच्या पारंपरिक विणकामावरून. एवढंच. मग पडदा काळा.

पारंपरिक. या शब्दाचा मला तेव्हापासून संताप आहे. पारंपरिक म्हणजे काय, तर झाडाला लागलेलं, नदीतनं वाहत आलेलं. कुणी बसून केलेलं नाही, कुणाची पाठ दुखली नाही, कुणाचे डोळे गेले नाहीत. टेंभुर्णीचा ट्रक पारंपरिक, मुकादमाचं भूत पारंपरिक. खांद्यावर टॉवेल टाकलेला दमलेला शिपाई कुठल्या परंपरेत होता ते मला एकदा दाखवाच.

अक्का मागावरनं उठली, पातळ नीट केलं आणि मला म्हणाली, "चल महानंदा, गाडी गाठू." गाडीत खिडकीतनं बाहेर बघत होती. दौंड गेल्यावर एकदाच बोलली. म्हणाली, कुत्र्याचं नाव काय होतं गं? मी सांगितलं. म्हणाली, छान हाय.

केतकीवर माझा राग निघाला. आठ दिवस मी तिचा फोन घेतला नाही. पोरगी सुट्टी काढून आली, रडली, म्हणाली मी साहेबांना तीनदा सांगितलं, ते म्हणतात मोर काय कुणा एकट्याचा आहे का, हे नमुने शेकडो वर्षांचे आहेत. अक्कानं तिला जवळ बसवलं, खायला घातलं आणि म्हणाली, लाव साहेबांना फोन.

फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मी ऐकलं. साहेब गोडच बोलत होते, मोराचंच सांगत होते. अक्कानं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मोर कुणाचाच न्हाय साहेब, बरोबर. पण खडा माझा हाय." आणि तिनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. वडिलांची पद्धत, जास्तीचं घर, माढ्याची चादर. कुठल्या चित्रात कुठं ते एकेक करून सांगितलं. पंधरा-वीस मिनिटं बोलली असेल. इतकं ती माझ्याशीही एका दमात कधी बोलली नाही. तिला वाटलं, खूण पटली की माणूस पटतो. बाजारात तसंच असतं ना. ही चादर माझी, हा बघा खडा, की समोरचा मान डोलावतो.

साहेब म्हणाले, अरेच्चा, ते होय. म्हणाले, काही लोकांनी आम्हाला कळवलं होतं की चित्रांत बारीक चुका आहेत. बरं झालं आजी, तुम्ही जागा सांगितल्या. नावाचं नंतर बघू.

पंधरा दिवसांनी खेळांचं नवं रूप आलं. केतकीनं तिच्या फोनवर उघडलं आणि फोन माझ्यापुढं धरला. चाळीसही खेळांतले सगळे खडे वेचून काढले होते. एकही ठेवला नव्हता. खाली लिहिलं होतं, चित्रांतल्या किरकोळ चुका दुरुस्त केल्या.

शेठनं निदान कागद उघडून बघितला नव्हता. ह्यांनी बघितला, समजून घेतला आणि मग पुसला. आता सांगा, ह्याला काय म्हणायचं. मी त्या दिवशी कानडीत जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. अक्का ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "घरं मोजून पुसली त्यानं. मीच मोजून दिली."

गंमत पुढंच आहे, आणि तिचाही मला रागच येतो. खडे गेल्यावर खेळणारे ओरडायला लागले. झालं होतं असं की, कुठल्या कुठल्या गावची पोरं प्रत्येक चित्रातला तो चुकार चौकोन शोधत बसायची, सापडला की एकमेकांना दाखवायची. त्यांना वाटलं होतं ते मुद्दाम लपवलंय. बरोबरच वाटलं होतं त्यांना. आता ती विचारत होती, कुठं गेला? साहेबांनी मग लगेच फोन केला. दुसरा संच काढतोय, आणखी तीस खेळ, आजी, चित्रं तुमचीच पाहिजेत, आणि ते तुमचं खड्याचं तेवढं नक्की टाका, लोकांना फार आवडतं.

अक्कानं विचारलं, नाव?

आभाराच्या यादीत पद्मा आजी असं टाकतो, साहेब म्हणाले.

"मी कुणाची आजी?" अक्का म्हणाली. "लेकरू न्हाय, बाळ न्हाय, आजी कशी झाले मी? पद्मावती राजय्या कोंतम. चित्रं काढली, असं लिवा. जिथं बाकीच्यांची लिवली तिथं लिवा."

साहेब म्हणाले, हो हो, ते नंतर बघू, तुम्ही सुरुवात तर करा.

अक्का म्हणाली, बरं. आणि तिनं चित्रं काढली. मला वाटलं, हिला आता काय म्हणावं. रोज ओट्यावर पाट, मांडीवर कागद. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही म्हणून भाकरी घेऊन गेले, तर तिनं कागद माझ्यापुढं सरकवला. एक बाई पाणी शेंदतेय, आडवी सोळा, उभी सोळा. इतकी सुबक की दोराला पीळ दिसावा. मी सवयीनं खडा शोधला. पायाशी नाही, घागरीला नाही, पदराला नाही. दुसरा कागद बघितला, तिसरा बघितला. जेवढे झाले होते तेवढे सगळे निर्मळ.

"खडा?" मी विचारलं.

"नाव आलं की सांगते कुठं टाकायचा."

खेळामागं एक, असे तीस कागद पुरे झाल्यावर तिनं एक पाठवला, नमुन्याला. उरलेले गुंडाळून ठेवले. पुण्याहून फोन आला, आजी, खडा राहिला. ती म्हणाली, राहू दे. मग त्यांनी स्वतःच एक घर भरून बघितलं. केतकीनं मला दाखवलं ते. बाईच्या गालावर टाकलं होतं. मुरूम उठल्यासारखं दिसत होतं. खेळणाऱ्यांनी ते घडीभरात ओळखलं, हा तो हात नव्हे म्हणाले. बाकीचे एकोणतीस कागद त्यांना मिळाले नाहीत. नाव आलं नाही, म्हणून कागद गेले नाहीत. केतकीनं त्या कंपनीचं काम सोडलं. ते मी तिला सांगितलं नव्हतं, तिचं तिनं ठरवलं.

पुढं अक्काच्या डोळ्यांवरही वडिलांसारखाच पडदा यायला लागला. एकटीनं राहणं जमेना. तिची धाकटी बहीण तेलंगणात सिरसिल्ल्याला असते, तिनं बोलावून घेतलं. मी नको म्हणाले नाही, म्हणायचं लई होतं.

सोलापूर स्टेशनवर मी पोचवायला गेले. हैदराबादची गाडी अर्धा तास उशिरा. अक्का बाकावर बसली, पायाशी एक पिशवी, मांडीवर कागदाची गुंडाळी, मेणकापडात बांधलेली. मी कडक भाकरीची चळत दिली. तिनं वरच्या भाकरीवर बोटानं रेघ ओढली आणि म्हणाली, आज मधोमध हाय.

मग तिनं फोन काढला. डोळ्यांजवळ धरून मागाचा खेळ लावला. दोरे तुटत होते, ती गाठी मारत होती, अंगठा अजून चलाख. पडद्यावर मोर विणत विणत वर येत होता. मी वाकून बघितलं आणि दचकले. मोराच्या पायाशी खडा होता.

मी म्हटलं, अक्का, हे तर त्यांनी पुसलं होतं.

ती म्हणाली, "त्यांच्यातलं पुसलं."

खेळ बाहेर आले तेव्हा केतकीनं तिच्या फोनवर जे घालून दिलं होतं, तेच तिनं ठेवलं होतं. नवं रूप तिनं आत येऊ दिलंच नव्हतं. चाळीस खेळ, सगळे खडे जागच्या जागी. गाडीची घोषणा झाली तेवढ्यात फोनवर मोरावर एक पाटी आली. केतकीनं फोन मराठीत करून दिलेला, त्यामुळं मलाही वाचता आली. नवीन रूप उपलब्ध आहे, आता घ्यायचं की नंतर.

अक्काला ती पाटी आता धड दिसत नसणार. पण जागा तिला पाठ होती. अंगठा न शोधता बरोबर त्या घरावर गेला आणि तिनं "नंतर" दाबलं. पाटी गेली. मोराचा पाय पुन्हा दिसायला लागला. गाडी फलाटाला लागेपर्यंत ती गाठी मारत होती.